पावसाळ्यात तुळशीचा वास का मंदावतो, आणि गुळवेल केव्हा कापावी?

आपण खारघरहून लिहिले आहे की गॅलरीतल्या तुळशीची पाने जुलै-ऑगस्टमध्ये मोठी आणि लुसलुशीत होतात, पण चुरडली तरी त्यांना मे महिन्यासारखा वास येत नाही. तेव्हा पावसाळ्यात तिचा औषधी गुण कमी होतो का, आणि सोसायटीच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल कोणत्या महिन्यात कापावी, असा आपला प्रश्न आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका प्रयोगशाळेत मी 22 वर्षे वनौषधींचा कच्चा माल तपासत होतो. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या नाकाने केलेले निदान बरोबर आहे, मात्र ते तुळशीपुरते खरे आहे. गुळवेलीला तोच नियम लावता येणार नाही.

तुळशीचा वास हा तिच्या पानांवरच्या अतिशय बारीक तैलग्रंथींत साठलेल्या उडनशील तेलाचा असतो आणि त्या तेलात युजेनॉल हे महत्त्वाचे द्रव्य असते, जे लवंगेतही भरपूर आढळते. अशी द्रव्ये वनस्पती स्वतःच्या वाढीसाठी तयार करत नाही. कीड, बुरशी, चरणारी जनावरे आणि प्रखर ऊन यांच्यापासून बचाव करण्यासाठी ती त्यांवर आपली कमाई खर्च करते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर या काळात आभाळ दिवसचे दिवस झाकोळलेले असते, पाण्याला तोटा नसतो आणि रोपाचा सगळा भर नवी पाने फोडण्यावर असतो. पान भराभर पसरते, पण तेल त्या वेगाने तयार होत नाही. याउलट पाणी जरा कमी पडू लागले की आधी वाढ थांबते, प्रकाशसंश्लेषण मात्र काही काळ चालूच राहते, आणि वाढीत न खपलेला कार्बन अशा संरक्षक द्रव्यांकडे वळतो. ऑक्टोबरच्या कडक उन्हात तुळस आकाराने आटोपशीर आणि वासाला उग्र होते, ती यामुळे.

प्रकाशाचा हा परिणाम चहाच्या मळ्यात फार स्पष्ट दिसतो. जपानमध्ये माचासाठी, म्हणजे तिथल्या हिरव्या चहाच्या पुडीसाठी, वाढवलेल्या चहाची झाडे तोडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे आच्छादून ठेवतात, कारण सावलीत पानातले थिॲनिन हे अमिनो आम्ल टिकून राहते आणि चहाला गोडसर चव येते. तीच झाडे उन्हात राहिली तर कॅटेचिन ही तुरट द्रव्ये वाढतात आणि तुरटपणा येतो. दोन्ही द्रव्ये उपयोगाची मानली जातात, पण एकाला सावली मानवते आणि दुसऱ्याला ऊन. म्हणून ‘औषधी गुण वाढला की घटला’ असा सरसकट प्रश्न मला अपुरा वाटतो. कोणत्या अवयवातले कोणते द्रव्य, हे आधी ठरवावे लागते.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्यावरून आमच्याकडे माल पुरवणाऱ्यांशी बरेचदा मतभेद होत. शेकडा प्रमाण आणि एकूण उत्पन्न या दोन वेगळ्या बाबी आहेत. पाण्याचा ताण दिलेल्या रोपाच्या पानांत तेलाचे प्रमाण वाढलेले दिसले, तरी पानेच थोडी असल्याने रोपामागे मिळणारे एकूण तेल कमी भरू शकते. शेतकऱ्याला दोन्हींचा मेळ घालावा लागतो. आपल्याला एका कुंडीतून फक्त घरापुरती पाने हवी आहेत, त्यामुळे आपण प्रमाणाकडेच पाहिले तरी चालेल. पण त्यासाठी तुळशीला मुद्दाम तहानलेली ठेवू नका, ऊन मिळेल अशा जागी ठेवा, एवढे पुरे आहे.

अवयवानुसार ऋतू निवडण्याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कोवळ्या फांद्या आणि पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात आणि झाडाचा गाभा हेमंतात घ्यावा, असे सांगितले आहे. सुश्रुताने याच धर्तीचे एक वेळापत्रक इतर आचार्यांचे मत म्हणून नोंदवले आणि ते मान्य न करता, सौम्य म्हणजे थंड गुणाची औषधे सौम्य ऋतूंत आणि आग्नेय म्हणजे उष्ण गुणाची औषधे आग्नेय ऋतूंत घ्यावीत, असे म्हटले. दोन थोर आचार्यांमधला हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यावरून हा विषय तेव्हाही निरीक्षणाचा आणि वादाचा होता, हे दिसते. मुळांपुरते बोलायचे तर आजची शेतीही त्याच दिशेने जाते. पावसाळ्यात पेरलेली अश्वगंधा साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, पाने सुकून फळे लाल झाली की उपटतात. हळदही पाने वाळल्यावरच खणतात, आणि म्हणूनच वाशीच्या बाजारात ओली हळद थंडीत दिसते. पाने वाळण्यापूर्वी झाडाने आपला साठा जमिनीखाली नेलेला असतो.

आता आपली गुळवेल. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात गुळवेलीचे खोड उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात गोळा करावे, असे नमूद आहे. त्या वेळी जून झालेले, निदान बोटाएवढे जाड खोड निवडावे. पावसाळ्यात फुटलेले हिरवे, कोवळे धुमारे तसेच वाढू द्यावेत. येथे वासाची कसोटी चालत नाही, कारण गुळवेलीतली कडू द्रव्ये उडून जाणारी नसतात. अडुळशाच्या पानातल्या व्हॅसिसिन या औषधी द्रव्याचेही तसेच आहे. त्याचे प्रमाण नाकाला कळत नाही, ते यंत्रावरच मोजावे लागते. कापण्यापूर्वी वेल जाणकाराकडून ओळखून घ्या, कारण तिच्याच कुळातली, दिसायला जवळची असलेली दुसरी एक वेल गुळवेल समजून वापरली जाते.

मात्र ऋतूने जे दिले ते वाळवताना घालवू नये. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत हा धोका मोठा आहे. एका जुलैत आमच्याकडे आलेल्या पानांच्या एका खेपेत अपेक्षित द्रव्ये पुरेशी भरली होती, परंतु पोत्यांच्या मध्यभागी बुरशी धरलेली निघाली आणि ती सगळी खेप आम्हांला नाकारावी लागली. त्या पानांमागे राबलेल्या माणसांचे श्रम डोळ्यांसमोर आले आणि मला फार वाईट वाटले, पण बुरशीचा माल औषधात जाऊ देणे शक्यच नव्हते. त्यामुळे पावसाळ्यात तोडलेली तुळस ताजीच वापरा, साठवू नका. तिच्यात तेल कमी असले तरी चहात किंवा काढ्यात घालायला ती चांगलीच आहे. गुळवेलीच्या बाबतीत मात्र ‘पावसाळ्यातली सौम्य असेल’ असा अंदाज बांधून मात्रा वाढवू नका. ती वैद्यांनाच ठरवू द्या.

साठवणीची तुळस पाऊस परतल्यावर, मंजिऱ्या भरात असताना घ्यावी. आदल्या दिवशी पाऊस झालेला नसावा आणि सकाळचे दव सुकलेले असावे. पाने एका थरात पसरून सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात टाकली तर ज्यासाठी इतकी वाट पाहिली ते तेलच उडून जाईल. मेमध्ये गुळवेल कापाल तेव्हा तिचा वीतभर तुकडा बाजूला ठेवा आणि जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर त्याच कडुनिंबाच्या बुंध्याशी खोचा. तो सहज जीव धरतो.