जीवाश्म आणि उत्पत्तीचा पहिला अध्याय

माणूस उत्क्रांतीतून आला असं जीवाश्म सांगतात, मग बायबलमधल्या निर्मितीकथेचं काय, असा प्रश्न तुला पडलाय. आधी घाबरू नकोस. मीही सुरुवातीला बायबल आणि विज्ञान यांचं भांडण लावत बसायचो, आणि त्या नादात दोन्हीकडचं नीट वाचायचंच राहून गेलं.

पुरावा जवळून बघ. १९७४ साली इथिओपियात सापडलेली ‘लुसी’ घे, म्हणजे माणसाच्या प्राचीन नातलगाचा जीवाश्म सांगाडा. सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. मेंदू चिंपांझीएवढा, पण मांडीचं हाड गुडघ्याकडे आत कललेलं, म्हणजे दोन पायांवर चालणारी. टांझानियात लाएटोलीला तर ज्वालामुखीच्या राखेत पावलंच उमटली आहेत, अंगठा इतर बोटांच्या ओळीत. त्यांचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो. ‘वानर आणि माणूस यांच्यातले मधले दुवे सापडतच नाहीत’ हे म्हणणं तेव्हापासून सोडलं. पिल्टडाउनची लबाडी (माणसाची कवटी आणि वानराचा जबडा जुळवून केलेला खोटा जीवाश्म) १९५३ मध्ये उघडी पडली खरी, पण ती पकडली शास्त्रज्ञांनीच.

मग बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, उघड. पहिल्या अध्यायात प्राणी आधी, माणूस नंतर; दुसऱ्यात क्रम वेगळा. म्हणजे तिथे वेळापत्रक शोधायचं नाही, देव आणि माणूस यांचं नातं शोधायचं. निसर्गाबद्दल अज्ञानानं बोलून पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, हसं करू नका, असं संत ऑगस्टीननं पाचव्या शतकातच बजावलं होतं. पोप पायस बारावे यांनीही १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास करायला मोकळीक दिली. आत्मा मात्र थेट देवच निर्माण करतो, हे राखून.

माणूस उत्क्रांतीतून आला, तर पहिला माणूस आदाम आणि त्याच्यापासून सगळ्यांत आलेलं मूळ पाप यांचं काय, हा प्रश्न खरोखर अवघड आहे. तिथे कुणी एका वाक्यात उत्तर दिलं तर सावध राहा. तुझ्या धर्मगुरूंशी सविस्तर बोल, आणि तोवर प्रार्थना थांबवू नकोस.