कथा-कादंबऱ्यांतल्या पात्रांना स्वतःचा वाढदिवस साजरा करणं कसं वाटतं? मला कथेत असा प्रसंग लिहायचाय, काय बघू?

‘आवडतो’ आणि ‘आवडत नाही’ असे दोन डबे करून पात्रं त्यात टाकत बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही. वाढदिवस हा हिशोबाचा दिवस आहे. त्या दिवशी पात्र काय मोजतंय आणि बेरीज कोणाच्या हातात आहे, एवढं मी आधी बघतो. त्याला काय वाटतं ते त्यातूनच कळतं.

ढोबळ नमुना हवा असेल तर हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकातला त्याचा मावसभाऊ डडली घ्या. अकराव्या वाढदिवसाला तो भेटी मोजतो. छत्तीस भरतात, गेल्या वर्षीपेक्षा दोन कमी. आई ढिगाखालची आत्याची भेट दाखवते, मग सदतीस; तरीही चेहरा लाल, म्हणून बाहेर गेल्यावर आणखी दोन घेण्याचं आश्वासन. त्याच घरात हॅरीला आदल्या वाढदिवसाला कपड्यांचं हँगर आणि मावशीच्या नवऱ्याचे जुने मोजे मिळालेले असतात. हॅरी मात्र भेटी मोजत नाही. अकरा वर्षांचा होण्याच्या रात्री तो समुद्रातल्या खडकावरच्या झोपडीत जमिनीवर पडून, झोपलेल्या डडलीच्या मनगटावरच्या घड्याळात मिनिटं मोजतो. त्याला वाढदिवस नकोसा नाही. त्याची तारीख लक्षात ठेवणारं दुसरं कोणी नाही, म्हणून ते काम तोच करतो. म्हणून त्याला न्यायला आलेल्या हॅग्रिडच्या कोटाच्या खिशातून निघालेला चेपलेला केक एवढा लागतो: दुसऱ्या कोणीतरी तारीख लक्षात ठेवली होती. (धुळीत बोटाने केक काढून फुंकर मारण्याचा प्रसंग चित्रपटातला आहे, पुस्तकात नाही. उदाहरण देताना या दोन्हींची सरमिसळ फार होते.)

या विषयावर एकच पुस्तक नीट वाचायला वेळ असेल तर टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं पहिलं प्रकरण वाचा. हॉबिट या टोल्किनने कल्पिलेल्या बुटक्या लोकांत रीत उलटी आहे: ज्याचा वाढदिवस तो इतरांना भेटी देतो. भेटी फार महाग नसतात, पण त्या गावात रोजच कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असल्याने प्रत्येकाला आठवड्याला एखादी तरी भेट मिळण्याची शक्यता असते. २२ सप्टेंबरला बिल्बो १११ वर्षांचा होतो आणि त्याचा वारस फ्रोडो ३३ वर्षांचा, म्हणजे त्यांच्या रीतीने सज्ञान. दोघांची बेरीज १४४, म्हणून खास जेवणाला बरोबर १४४ पाहुणे. बिल्बो भाषणात या आकड्याला ‘ग्रोस’ म्हणतो आणि पाहुणे दुखावतात, कारण डझनाच्या डझनाने मोजायचं ते मालाचं माप. आपल्याला आकडा भरायला बोलावलं, असं त्यांना वाटतं. आणि ते खरंच असतं.

आता बिल्बोने गाव सोडून जाताना ठेवलेल्या भेटी बघा. प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. छत्र्या लांबवणाऱ्याला छत्री. पन्नासहून अधिक वर्षं पत्रांतून उपदेश पाठवणाऱ्या बाईला कागदाची मोठी टोपली. पत्रांना कधीच उत्तर न देणाऱ्याला पेन आणि दौत. चमचे ढापल्याचा संशय असलेल्या लोबेलियाला चांदीच्या चमच्यांचा संच. म्हणजे बिल्बो त्या दिवशी आयुष्यभराचं उधारीचं खातं मिटवतोय. वाढदिवस त्याला आवडतो हे खरं, पण त्यामागे गावातून कायमचं निघून जाण्याचा बेत आहे, आणि मेजवानी ही त्या बेताची सोय आहे. एक्कावन्नाव्या वाढदिवसाला तो पिंपावर बसून एस्गारॉथ या तळ्यातल्या गावी पोहोचला होता. तेव्हा वाढदिवस असल्याचं आपण विसरलोच होतो, असं तो त्याच भाषणात सांगतो. एकाच माणसाची दोन वेगवेगळ्या वाढदिवसांची वृत्ती किती वेगळी असू शकते, हे इथे दिसतं.

त्याच पुस्तकात या रीतीची काळी बाजूही आहे. स्मेआगॉल, म्हणजे पुढचा गॉलम, आपल्या वाढदिवसाला मित्राला नदीत सापडलेली अंगठी ‘भेट’ म्हणून मागतो. मित्राने आधीच ऐपतीबाहेरची भेट दिलेली असते, म्हणून तो नकार देतो. स्मेआगॉल त्याचा गळा दाबून अंगठी घेतो आणि पुढे तिला वाढदिवसाची भेटच म्हणत राहतो. एका पात्रासाठी हा देण्याचा दिवस, दुसऱ्यासाठी हक्क सांगण्याचा. कुठलंही पात्र घेतलंत तरी ते या दोन टोकांच्या मधे कुठे बसतं, हे आधी ठरवा.

हिशोबाचा शुद्ध विनोद हवा असेल तर गिल्बर्ट आणि सलिव्हनची १८७९ची संगीतिका ‘पायरेट्स ऑफ पेन्झन्स’. फ्रेडरिकला एकविसाव्या वाढदिवसापर्यंत चाच्यांकडे उमेदवारी करायची असते. करारात ‘एकविसावं वर्ष’ नाही, ‘एकविसावा वाढदिवस’ लिहिलेलं असतं, आणि हा जन्मलेला २९ फेब्रुवारीला. वयाने एकवीस, वाढदिवसांनी पाच. कर्तव्याचा पक्का असल्यामुळे तो निमूटपणे परत चाच्यांकडे जातो. सुटका १९४० साली होईल, असं प्रेयसीला सांगतो. हा आकडा तपासून बघा. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. त्यामुळे फ्रेडरिक १८५२ साली जन्मला असेल तरच १९४० बरोबर येतं. १८५६चा असेल तर १९४४ उजाडतं. तारखेवर कथा उभी करणाऱ्याने ही तपासणी आधीच करून ठेवायला हवी, कारण चिकित्सक वाचक ती करतोच. आपल्याकडे याचा जुळा भाऊ म्हणजे अधिक महिन्यातला जन्म. तिथीने वाढदिवस करणाऱ्या घरात अशा मुलाचा वाढदिवस एरवीच्या वर्षी त्याच नावाच्या नेहमीच्या महिन्यात धरतात. पण तोच अधिक महिना पुन्हा यायला बहुधा खूप वर्षं लागतात. यावर अख्खी कथा होऊ शकते.

वजाबाकी करणारा म्हणजे लुइस कॅरलच्या ॲलिसच्या गोष्टींतला हम्प्टी डम्प्टी. वर्षात वाढदिवस एकच, मग न-वाढदिवस किती? ॲलिस वहीत ३६५ वजा १ मांडून दाखवते, तो वही उलटी धरून तपासतो आणि ३६४ दिवस भेटी मिळण्याची सोय असताना एका दिवसाचं काय कौतुक, असं ठरवतो. हे १८७१च्या दुसऱ्या पुस्तकात आहे. चहाच्या टेबलावर हॅटरने न-वाढदिवस साजरा करणं ही १९५१च्या डिस्नेपटाची भर.

सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मध्ये (१९८१) सलीम सिनाई १५ ऑगस्ट १९४७ला मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मुंबईत जन्मतो. वाढदिवस त्याचा एकट्याचा कधी होतच नाही. दिवे देशासाठी लागतात आणि त्याला वाटतं आपल्यासाठी. त्या तासात जन्मलेली मुलं १००१. दहाव्या वाढदिवसापर्यंत ४२० गेलेली, ५८१ उरलेली. चारसोवीस हा आकडा भारतीय वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मोजणंच थांबवणारीही पात्रं असतात. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधल्या मिस हॅविशॅमचं लग्न मोडलं तो दिवस तिचा वाढदिवसही होता. घड्याळं नऊला वीस कमी असताना बंद केलेली, टेबलावर लग्नाचा केक कोळ्यांच्या जाळ्यांत. वाढदिवसाला नातेवाईक येतात, पण दिवसाचा उल्लेख करायची कोणाला परवानगी नाही. ती वाढदिवस ‘साजरा करत नाही’ असं म्हणणं चूक ठरेल. वर्षानुवर्षं एकच वाढदिवस तिने चालू ठेवलाय. दुःखी पात्राला नुसतं ‘आज मला काही नको’ म्हणायला लावणारे लेखक इथून शिकू शकतात.

पिंटरच्या ‘द बर्थडे पार्टी’त (१९५८) तारीख दुसऱ्यांनी बळकावलेली आहे. आज माझा वाढदिवस नाही, असं स्टॅनली सांगतो. घरमालकीण मेग आणि दोन आगंतुक पाहुणे पार्टी करतातच. मेग त्याला लहान मुलाचा ढोल देते, कारण त्याच्याकडे पियानो नाही. तो ढोल गळ्यात अडकवून आधी तालात वाजवतो, मग बडवत सुटतो. ‘मला हे नको आहे’ हे वाक्य लिहावंच लागत नाही.

टीव्हीवरचे तिघे चटकन सांगतो. ‘बिग बँग थिअरी’तल्या लेनर्डचे वाढदिवस झालेच नाहीत, कारण आईच्या मते जन्माला येणं ही काही कामगिरी नव्हे. शेल्डन पार्टी टाळतो, कारण बहिणीने बॅटमॅन येणार सांगून त्याला वाट बघायला लावली होती. ‘पार्क्स अँड रिक्रिएशन’मधला रॉन स्वॉन्सन तारीखच लपवतो, सहकारी लेस्ली त्याला देते ती भेट म्हणजे स्टेक, व्हिस्की, जुने युद्धपट आणि एकांत. तिघेही ‘वाढदिवस न आवडणारे’, पण तिघांची कारणं एकमेकांना लावून बघा, एकही बसत नाही.

माझ्या मते सगळ्यांत उत्तम बांधलेला प्रसंग मात्र मुलांच्या पुस्तकात आहे: ‘विनी द पू’चं (१९२६) सहावं प्रकरण. ईयोर गाढव आपला वाढदिवस कोणालाच आठवला नाही म्हणून टोमणे मारत ओढ्याकाठी उभा असतो. पू अस्वल मधाचं भांडं घेऊन निघतो, वाटेत मध खातो, रिकामं भांडं ‘उपयोगी भांडं’ म्हणून द्यायचं ठरवतो. पिगलेट हे डुकराचं पिल्लू फुगा घेऊन धावतं, पडतं, फुगा फुटतो. दोन्ही भेटी वाया गेल्या असं वाटतं. पण आख्खा फुगा भांड्यात मावला नसता, फुटलेला मावतो. ईयोर तो आत घालतो, बाहेर काढतो, पुन्हा आत घालतो, आणि खूश असतो. ‘तुम्ही आलात’ यावर इथे एक वाक्य खर्ची पडलेलं नाही.

आता तुमच्या कथेकडे. सगळ्यात आधी तारीख कोणाकडे आहे ते ठरवा. मराठी पात्र असेल तर हा प्रश्न फार सुपीक आहे. जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली माणसं गावोगावी आहेत. कागदावरचा वाढदिवस एक, आईने ‘नागपंचमीच्या आगेमागे’ असा काहीतरी सांगितलेला दुसरा. शासकीय नोकरीत महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ही मंडळी ३१ मेला घरी बसतात. अशा माणसाला नातवंडांनी १ जूनला केक आणला तर त्याला काय वाटेल? तुमचा प्रसंग तिथे सुरू होतो.

मग काय मोजायचं ते. वर्षं मोजलीच पाहिजेत असं नाही. सहस्रचंद्रदर्शनात पौर्णिमा मोजतात. हजार चांद्रमास भरायला सुमारे ८० वर्षं १० महिने लागतात, म्हणून तो विधी एक्क्याऐंशीच्या आसपास करतात. गल्लीतला होतकरू पुढारी फ्लेक्सवरचे ‘शुभेच्छुक’ मोजतो, आणि कोणाचा फोटो या वर्षी गळला तेही. विधवा आई कदाचित ‘हे असते तर’ त्यांचं वय मोजत असेल.

केकपेक्षा औक्षण लिहा, असं मी सुचवेन. केक कापताना सगळे ओरडत असतात, पात्राचं अवघडलेपण झाकून जातं. औक्षणात माणूस पाटावर स्थिर बसतो, तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, समोरच्या बाईचा हात चेहऱ्याभोवती फिरतोय, आणि दोन-तीन मिनिटं त्याला कुठेही पळता येत नाही. बघायचं कुठे, हात कुठे ठेवायचे, टोपी आहे का, नसेल तर डोक्यावर रुमाल कोण टाकतं. मनातलं सगळं इतक्यात दिसतं.

बिघडतं ते बहुतेक वेळा सरप्राइज पार्टीत. दिवे लागतात, सगळे ओरडतात, आणि मुख्य पात्राला चकित होण्यापलीकडे काम उरत नाही, कारण माहिती आणि निर्णय दोन्ही इतरांकडे आहेत. उपाय दोन. एक, निवेदन लपवणाऱ्यांपैकी एकाकडे द्या. दोन, पात्राला बेत आधीच कळू द्या आणि त्याला न कळल्याचं नाटक करायला लावा. दुसरा जास्त चालतो, कारण मग पात्राला काम मिळतं.

पाहुणे तीन-चारच्या वर नावाने आणू नका. बिल्बोच्या १४४ जणांतही वाचकाच्या लक्षात राहतात ते चिठ्ठीवाले मोजके. भेट एकच ठेवा. ती थोडी चुकीची असू द्या, पण देणाऱ्याने विचार करून आणलेली: मेगचा ढोल, पूचं भांडं. वर्ष ठरलं की त्या वर्षाची दिनदर्शिका काढून वार बघा. शाळेतला प्रसंग रविवारी पडला किंवा सप्टेंबरच्या वाढदिवसाला घरात पन्ह्यासाठी कैऱ्या उकडल्या, तर खाली पहिली टिप्पणी त्यावरच येईल.