वडाखाली काय उगवतं?

प्रश्न : चिपळूणजवळच्या आमच्या वाडीत घरच्या रातांब्यांचं (कोकमाच्या फळांचं) आगळ, म्हणजे खारट रस, करून मी पुण्याच्या प्रदर्शनांत विकते. नवीन लेबल छापायचंय. भाचा म्हणतो 'कोकणचं अमृत' लिही. छपाईवाला म्हणतो 'पोटाचा एसी' लिहा, तरुण पोरं उचलतील. रूपक वापरलं की माल खपतो, असं त्याचं ठाम मत आहे. खरं का? आणि यातलं कोणतं घेऊ?
– एक वाचक, चिपळूण तालुका

उत्तर : ताई, छपाईवाला खोटं बोलत नाही, अर्धं सांगतोय. उरलेलं अर्धं मला एका पतसंस्थेच्या भर सभेत कळलं.

27 वर्षं मी जाहिरातींचा मजकूर लिहून पोट भरलं. अगदी सुरुवातीला त्या पतसंस्थेच्या ठेव योजनेसाठी ओळ दिली होती, 'तुमच्या पैशाचा वटवृक्ष'. अध्यक्ष खूश. कापडी फलक लागले, कॅलेंडरं छापली, वार्षिक सभेला मला पुढच्या रांगेत बसवलं. अहवाल वाचून झाला, आता चहाच यायचा होता, तर मागून एक धोतरवाले आजोबा उठले. "वडाखाली काय उगवतं हो? आमच्या बांधाला आहे एक. चार गुंठे पडीक गेलेत." लोक हसले. आजोबा बसतील असं वाटलं, पण ते रंगात आले होते. "पारंब्या मात्र दिसतात बरं का. कॅशला एक, वसुलीला एक." दोन्ही टेबलांवर अध्यक्षांचे पुतणे होते. चहा आला तेव्हा मी सभागृहात नव्हते, आणि बिलाचे निम्मे पैसे अजून यायचेत.

मी वडाची सावली विकायला निघाले होते. आजोबांनी अख्खा वड उचलून आणला. रूपकाचं असंच असतं. आपण एकाला बोलावतो, तो गोतावळा घेऊन येतो.

चांगलं बसलेलं रूपक बघायचं तर घरातली एलआयसीची पावती काढा. महामंडळ 1956 सालचं. चिन्हात एक ज्योत आणि तिला आडोसा धरलेले दोन हात. विमा म्हणजे मरणाचा विषय, आणि तो तर कुणाला ऐकायचा नसतो. इथे मरणाचा शब्द नाही, वाऱ्याचंही चित्र नाही. पण संध्याकाळी तुळशीपर्यंत दिवा नेलेल्या प्रत्येक बाईच्या तळव्याला तो वारा आठवतो. ती स्वतःच म्हणते, हात धरायला हवा. 'आमच्याकडे सुरक्षितता आहे' असं लिहिलं असतं तर तिने विचारलं असतं, कशावरून? सांगितलेल्या गोष्टीवर माणूस वाद घालतो. स्वतःच्या डोक्यात पुरं केलेलं चित्र त्याला आपलंच वाटतं. फेव्हिकॉलचंही तसंच. डब्यावर दोन हत्ती विरुद्ध दिशांना ओढताहेत, एवढं पुरलं. आता तर तो डबाच रूपक झालाय, खुर्ची न सोडणाऱ्या पुढाऱ्याला आपण काय लावून बसलाय म्हणतो ते बघा.

आता तुमच्या दोन ओळी. 'अमृत' सोडून द्या. कोकमाच्या गोड सरबताला आपल्याकडे अमृत कोकमच म्हणतात, म्हणजे ते रूपक कधीचं विरघळून नुसतं नाव झालंय. वर घोटाळा असा, की पुण्याचं गिऱ्हाईक 'अमृत' वाचून तुमचं खारट आगळ गोड समजून पाण्यात ओतणार आणि तोंड वाकडं करून तुम्हालाच फोन करणार. हे आधीच घडलं असेल, पैज लावते.

'पोटाचा एसी' ऐकायला गंमत आहे. पण एसीमागून कोण येतं? विजेचं बिल, मेकॅनिक, आणि 'बंद कर गं, घसा धरतो' म्हणणारी सासू. शिवाय जो माणूस घरगुती म्हणून तुमच्या टेबलाशी थांबलाय, त्याच्या हातात तुम्ही यंत्र देताय.

मग काय? आगळ वापरताना बघा. वाटीभर नारळाचं दूध, पांढरंफटक. त्यात दोन चमचे आगळ पडतं, कडेने लाल रेघ उतरते, ढवळलं की सगळं गुलाबी. थोडंसं घालायचं, नुसतं प्यायचं नाही, आणि दुधाचं रूप बदलायचं. हे काम घरात आणखी कोण करतं? विरजण. म्हणून मी लिहीन : 'सोलकढीचं विरजण. फक्त रात्रभर थांबायचं नाही.' वापरायची कृती, प्रमाण आणि नुसतं न प्यायची सूचना, तिन्ही कामं त्यातच झाली.

तरी आजोबांची कसोटी इथेही लावू. विरजणामागून कोण येतं? 'आनंदावर विरजण पडलं' येतं. म्हणून बाटलीवर कुठेही 'पडणे' हे क्रियापद येऊ देऊ नका. 'सोलकढीला विरजण लावा' म्हणा. लावलं की दही, पडलं की विचका. छापण्याआधी चार जणींना दाखवा. त्यांतली एक तरी जरा खवचट असू द्या.

एक सावधगिरी. रेड बुल या एनर्जी ड्रिंकच्या कंपनीने पंख देतो म्हटलं, आणि 2014 मध्ये अमेरिकेत 1 कोटी 30 लाख डॉलरची तडजोड केली. 'पंख फुटले नाहीत म्हणून लोक कोर्टात गेले' असं हसून सांगतात, पण मुख्य तक्रार पंखांची नव्हती. साध्या कॉफीहून जास्त तरतरी मिळते असं भासवलं आणि तसं काही नव्हतं, ही होती. कंपनीने चूक मान्य केली नाही, पैसे मात्र दिले. तेव्हा विरजण म्हणा खुशाल, पण त्याच्या खाली बारीक अक्षरात 'ॲसिडिटी मुळापासून जाते' लिहू नका. ते रूपक नव्हे, दावा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत.

प्रश्न : लातुरात माझा नीटचा क्लास आहे. फ्लेक्सवर 'हे रणांगण आहे, आम्ही वाघ घडवतो' असं लिहिलंय. भागीदाराला फार आक्रमक वाटतं. तुमचं मत?
– एक शिक्षक, लातूर

उत्तर : भागीदाराचं ऐका. वाघ तर काढाच, चौकाचौकात वाढदिवसांच्या फ्लेक्सवर बसून त्याचे दात पडलेत. रणांगणाची अडचण मोठी आहे. फी भरायला आलेली आई तो शब्द वाचते तेव्हा तिचं सतरा वर्षांचं पोर पहिल्यांदा घराबाहेर राहणार असतं, आणि रणांगण म्हटलं की तिला पडलेले दिसतात. त्याऐवजी 'तालीम' बघा. वस्ताद आहे, पहाटेची मेहनत आहे, आणि तालमीत पाठ टेकली तर कुणी हार मोजत नाही. सराव परीक्षेत 200 गुण पडलेल्या मुलाला हे चित्र परवडतं. मात्र मग तुम्हाला वस्तादासारखं पहाटे हजर राहावं लागेल. आणि फ्लेक्सच्या कोपऱ्यातलं '100 टक्के निवड' आजच झाका. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी सूचना काढल्यात, त्यांत असली हमी बसत नाही. मुलांचे फोटो लावायचे तर निवड झाल्यावर त्यांची लेखी संमती घ्या. प्रवेशाच्या दिवशी फॉर्मवर घेतलेली सही चालणार नाही.