रोज तीच चूक, रोज तीच क्षमा

"तेच पाप पुन्हा केलं. आता क्षमा मागायला देवापुढे कोणत्या तोंडानं जाऊ?" नागपुरात ख्रिस्ती कुटुंबांसोबत समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्यापुढे सारखा येतो. विचारणारी माणसं बहुतेक श्रद्धाळू असतात. बेफिकीर माणसाला तो पडतच नाही.

नागपूरच्या सदर या वस्तीतल्या एका गृहस्थांचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, दुकानात हिशेब लिहिण्याचं काम. आई लकव्यानं अंथरुणाला खिळलेली. दिवसा बायको बघायची, रात्र यांच्याकडे. रात्री आईची हाक आली की उठायचं, ओली चादर बदलायची. तिसऱ्या हाकेला यांचा तोल जायचा. एका रात्री तोंडून निघालं, "मरत का नाही एकदाची!" म्हातारीनं नुसतं भिंतीकडे तोंड केलं. मग पहाटे गुडघे टेकून क्षमा मागायची आणि रात्री पुन्हा खेकसायचं, हेच सुरू झालं. शेवटी प्रार्थना सुटली. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, रविवारी चर्चला जाणंही सुटलं.

"मॅडम, मी रोज तेच करून राहिलो. देवही कंटाळला असंन आता. आणि अयोग्य रीतीनं ती भाकर खाणारा दोषी ठरतो, असं पौलानंच लिहिलं ना?"

लिहिलंय, बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११ व्या अध्यायात. मी त्यांना पुढचं, २८ वं वचन मोठ्यानं वाचायला लावलं. माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी, असं तिथे आहे. परीक्षा करून घरी बसावं, असं नाही. पौल त्या अध्यायात फटकारतो ते गरिबांना उपाशी ठेवून स्वतः आधी जेवून घेणाऱ्यांना. यांचं चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या संस्थेचं, जी १९७० साली नागपुरातच स्थापन झाली. तिच्या उपासनेत प्रभुभोजनाआधी सगळे मिळून पापकबुली म्हणतात आणि पाळक क्षमेची घोषणा करतात. माणसं पापं घेऊनच येणार, हे तिथे धरलेलंच आहे.

प्रभूच्या प्रार्थनेतही आजची भाकर मागून झाली की लगेच ऋणं सोडण्याची, म्हणजे पापांच्या क्षमेची, विनंती येते. काल जेवलो होतो म्हणून आज भाकर मागायला आपण लाजत नाही. मग क्षमेपाशीच का अडतो? भावाला सात वेळा क्षमा करू का, असं शिष्य पेत्रानं विचारलं तेव्हा येशूनं सातांच्या सत्तर वेळा सांगितलं. माणसाकडून एवढी अपेक्षा करणारा स्वतः आठव्या वेळी दार लावून घेईल, हे मला तरी पटत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातलं पाप कबूल करणाऱ्याला मिळणारं क्षमेचं वचनसुद्धा आधीच विश्वास ठेवलेल्यांनाच लिहिलेलं आहे.

"म्हणजे रोज खेकसलं तरी चालते?" हे त्यांनीच विचारलं, आणि बरं झालं विचारलं. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का, याला रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाचं उत्तर आहे, मुळीच नाही. मी विचारलं, आईची माफी मागितलीत का? ते गप्प झाले. इतक्या पहाटे देवापुढे रडलेला हा माणूस आईच्या खाटेशी एकदाही गेला नव्हता. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, हे मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वचन त्यांना पाठ होतं. त्याच संध्याकाळी ते आईशी बोलले.

बाकीचं साधंच होतं. कामठीच्या धाकट्या भावाला आठवड्यातल्या दोन रात्री वाटून दिल्या. आईला डायपर कसं घालू, या संकोचात चादरी धुणं चाललं होतं; ते आणले. झोप मिळू लागली तसं खेकसणं कमी झालं. राग अजूनही येतो, पण प्रभुभोजनाला ते जातात.

काहींचं दुखणं मात्र वेगळं असतं. ज्या पापाला क्षमा नाही असं येशूनं म्हटलं, ती पवित्र आत्म्याची निंदा आपल्याकडून झाली की काय, हा विचार डोक्यातून हलत नाही. दिवसभर क्षमा मागूनही क्षणभरच बरं वाटतं आणि पुन्हा तेच. हा मंत्रचळही (नकोसा विचार पुन्हापुन्हा येत राहण्याचा मानसिक आजार, ओसीडी) असू शकतो. अशांना आणखी कळकळीनं प्रार्थना करा, एवढंच सांगणं मला चुकीचं वाटतं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. औषधांनी आणि वर्तनोपचारानं पुष्कळांना आराम पडतो, आणि त्यासाठी प्रार्थना सोडावी लागत नाही.