फ्लॅट सासूच्या नावावर, मग मी जायचं कुठे?

हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतायत, म्हणून एकत्र उत्तरं देते.

प्र. घटस्फोट झाला तर नवऱ्याची निम्मी प्रॉपर्टी मिळते ना?
महाराष्ट्रात नाही. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर दोघांची मालमत्ता सामायिक धरतात, तिकडचं ऐकून इकडे हिशोब मांडू नका. फ्लॅट जोडनावावर असेल तर हप्त्यांची बँक स्टेटमेंटं घेऊन वकिलाला भेटा.

प्र. पोलिसात तक्रार नाही, तरी डीव्हीची (कौटुंबिक हिंसाचाराची) केस होते का?
होते.

प्र. नवरा मारतो, वर म्हणतो फ्लॅट आईचा आहे, चालती हो. खरंच हक्क नाही?
आहे! 2005 च्या डीव्ही कायद्याचं कलम 17 सांगतं की सामायिक घरात, म्हणजे नवऱ्यासोबत जिथे नांदली त्या घरात, राहायचा हक्क बाईला आहे, घर तिच्या नावावर असो नसो. 2006 साली सुप्रीम कोर्टाने सासूच्या घराबाबत उलटा निकाल दिला होता, तो 2020 मध्ये सतीशचंद्र आहुजा केसमध्ये चुकीचा ठरला, तरी नातेवाईक अजून तेच जुनं ऐकवतात आणि बायका घाबरून निघून जातात. मालकी मिळत नाही हे खरं, पण राहायचा आदेश मिळतो, नाहीतर दुसरं घर किंवा त्याचं भाडं. माझ्याकडे एक जण आली, हातात मुलीचं दप्तर आणि एक कॅरीबॅग, घराचं कुलूप बदललेलं. त्यानंतर चार महिने माहेरी "बघू, निवळेल" करत बसली होती आणि तिकडे फ्लॅट विकायला काढला होता. अहो, विक्री थांबवायचा अंतरिम आदेश मागता येतो, पण त्यासाठी वेळेत अर्ज नको का? जिवाला धोका असेल तर आधी बाहेर पडा, 112 ला फोन करा, बाहेर पडल्याने हक्क जात नाही. रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, शाळेच्या फॉर्मवरचा पत्ता, सगळ्याचे फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवा आणि त्याच आठवड्यात संरक्षण अधिकाऱ्याला (डीव्हीच्या केससाठी सरकारने नेमलेला अधिकारी) किंवा वकिलाला भेटा.

प्र. माझे दागिने सासूच्या लॉकरमध्ये आहेत.
ते स्त्रीधन, तुमचंच. बिलं, लग्नातले फोटो शोधा, डीव्हीच्या अर्जातच परत मागा.

प्र. एजंट 15 हजारांत नोटरी घटस्फोट करून देतो म्हणतो, फक्त "मालमत्तेवर हक्क सांगणार नाही" एवढं लिहून द्यायचंय.
सही करू नका. नोटरीच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही, पैसे जातात आणि तोच कागद उद्या तुमच्याविरुद्ध कोर्टात येतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जाताना तो कागद सोबत न्या.