एचआयव्ही : प्रश्न तुमचे, हिशोब दिवसांचा

प्रश्न : वर्षातून दोनदा इंजेक्शन घेतलं की एचआयव्ही होत नाही, असं वाचलं. ही लस आहे का? आणि मध्येच बंद केलं तर?

लस नव्हे, हे लेनाकापाविर नावाचं औषध आहे. लस शरीराला लढायला शिकवते. लेनाकापाविर काही शिकवत नाही; ते विषाणूच्या आतल्या कवचाला चिकटतं आणि त्याची बांधणीच बिघडवून टाकतं. म्हणून रक्तात औषध आहे तोवरच राखण. ती राखण मात्र जबरदस्त आहे. २०२४ साली निकाल जाहीर झालेल्या चाचणीत दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ मुलींना व तरुणींना हे इंजेक्शन दिलं होतं; लागण एकीलाही झाली नाही. टेनोफोविर-एमट्रिसिटाबिन ही प्रतिबंधाची रोजची गोळी दिलेल्या १,०६८ जणींपैकी १६ जणींना झाली. दोष गोळीचा नव्हता. बहुतेकींच्या पोटात ती नियमित जातच नव्हती, हे रक्ताच्या नमुन्यांतून दिसलं. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं प्रतिबंधासाठी लेनाकापाविरची शिफारस केली.

आधी एचआयव्हीची चाचणी, मगच सुरुवात. पहिल्या दिवशी पोटाच्या किंवा मांडीच्या त्वचेखाली दीड-दीड मिलीलिटरची दोन इंजेक्शनं, सोबत ३०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन गोळ्या. या चार गोळ्यांना कमी लेखू नका. इंजेक्शनचा साठा त्वचेखालून फार हळू पाझरतो, आणि तो पुरेसा चढेपर्यंतचे दिवस गोळ्याच सांभाळतात. टोचल्या जागी गाठ हाताला लागते, काहींना महिनोन्‌महिने. ती तो साठाच असतो. चोळू नका, दाबू नका.

पुढचं इंजेक्शन २६ आठवड्यांनी, दोन आठवडे अलीकडे-पलीकडे चालतं. २८ आठवडे उलटून गेले आणि मध्ये लेनाकापाविरच्या गोळ्यांचा आधारही घेतला नसेल, तर चाचणी करून पहिल्या दिवसापासून सुरुवात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो खरं तर पहिला असायला हवा. शेवटच्या इंजेक्शननंतर औषध वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ अंगात रेंगाळतं. विषाणूला रोखायला ते अपुरं, पण त्याला औषधाशी ओळख करून द्यायला पुरेसं. या काळात लागण झाली तर विषाणू प्रतिरोधी, म्हणजे औषधाला न जुमानणारा, होण्याचा धोका असतो. म्हणून थांबायचं असेल आणि जोखीम कायम असेल, तर २८ आठवडे पूर्ण व्हायच्या आत रोजची गोळी किंवा दुसरा उपाय सुरू झालेला हवा. तारीख चुकवून गप्प राहणं सर्वांत वाईट.

प्रश्न : कंडोम फाटला. दुसऱ्या दिवशी एचआयव्हीची लागण टाळायच्या २८ दिवसांच्या गोळ्या सुरू केल्या. सहाव्या दिवशी चाचणी निगेटिव्ह आली म्हणून बंद केल्या. बरोबर केलं ना?

नाही. ही चूक नेहमी होते, कारण निगेटिव्ह शब्द वाचला की जीव भांड्यात पडतो. सहाव्या दिवसाची चाचणी त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. ती त्याआधीच्या आठवड्यांबद्दल सांगते. विषाणूचं प्रथिन आणि आपली प्रतिपिंडं दोन्ही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीलाही लागण पकडायला साधारण १८ ते ४५ दिवस लागतात. बोट टोचून करायच्या झटपट चाचणीला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात.

या गोळ्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या. ७२ तास ही शेवटची हद्द आहे, सोयीची वेळ नाही. तुम्ही वेळेत सुरू केल्या होत्या. आजच डॉक्टरांना गाठा आणि नेमके किती डोस चुकले ते सांगा. पुन्हा सुरू करायच्या की नाही, हे त्या आकड्यावर ठरेल. पुढची चाचणी त्या प्रसंगानंतर ४ ते ६ आठवड्यांनी, मग १२ आठवड्यांनी. हेपॅटायटिस बी तपासला नसेल तर तोही बघून घ्या. अशा गोळ्यांत असणारी टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, आणि ती अचानक बंद केली की आधीपासून बी असलेल्या माणसाचं यकृत भडकू शकतं.

प्रश्न : नवऱ्याला एचआयव्ही आहे. त्याचा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) दीड वर्ष ‘आढळत नाही’ असा येतो. मला लागण होईल का?

लैंगिक संबंधातून नाही. ‘पार्टनर’ या युरोपातल्या दोन अभ्यासांत एका जोडीदाराचा विषाणू दबलेला असताना जोडप्यांनी कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध ठेवले. त्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. अट एकच, गोळ्या रोज जायला हव्यात. सिफिलिस, गनोरिया यांना मात्र व्हायरल लोडशी देणंघेणं नाही. तिथे कंडोमच कामाचा.

प्रश्न : एचआयव्हीच्या उपचाराची टेनोफोविर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राविरची एकत्र गोळी रात्री घेतो. टीबी निघाल्यावर डॉक्टरांनी सकाळी डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी लिहिली. चुकून दोनदा लिहिली का?

चुकून नाही, मुद्दाम लिहिली आहे. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावतं आणि यकृत डोल्युटेग्राविर भराभर निकाली काढतं. एका गोळीचं औषध दुसऱ्या दिवसापर्यंत पुरत नाही, म्हणून ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. रिफाम्पिसिन संपलं तरी यकृताचा हा जोर लगेच ओसरत नाही. जादा गोळी त्यापुढेही दोन आठवडे चालू ठेवायची असते. टीबी बरा झाला म्हणून त्याच दिवशी ती सोडून देणारे पुष्कळ असतात.

कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेल्या आम्लपित्ताच्या गोळ्या घेत असाल तर आणखी एक काळजी. हे धातू पोटात डोल्युटेग्राविरला धरून ठेवतात आणि ते रक्तात पोचत नाही. त्या घेण्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर डोल्युटेग्राविर घ्या. कॅल्शियम आणि लोह जेवणासोबत असेल तर डोल्युटेग्राविर त्याच वेळी चालतं; आम्लपित्ताच्या त्या गोळीला ही सवलत नाही.