एको म्हणतो नॅनो, गिट उघडतो व्हिम!

प्रश्न: मला नॅनो या साध्या टेक्स्ट एडिटरची सवय आहे, म्हणून टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाइलीत 'एडिटर' या व्हेरिएबलला नॅनो दिला. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं. एको या छापून दाखवणाऱ्या आज्ञेने विचारलं की 'नॅनो' असंच येतं, पण गिटमध्ये बदल नोंदवायला कमिट केलं की व्हिम हा दुसराच एडिटर समोर! त्यातून बाहेरही पडता येत नाही.

उत्तर: आधी बाहेर पडा. एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. कमिटचा संदेश रिकामा म्हणून गिट कमिट रद्द करेल. तुमचे बदल जागच्या जागी राहतील.

आता एकोचं. डॉलर लावलेल्या नावाची किंमत एको शोधत नाही, शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या तुमच्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, तोच ती भरून एकोच्या हातात देतो. म्हणजे तुम्ही शेलला त्याच्याच खिशात काय आहे ते विचारलंत. गिट हा वेगळा प्रोग्राम. त्याला मिळतात ती फक्त एक्सपोर्ट केलेली, म्हणजे शेलने पुढच्या प्रोग्रामना द्यायची ठरवलेली व्हेरिएबल्स. तेव्हा 'प्रिंटएन्व्ह' या आज्ञेला विचारा, नावाआधी डॉलर न लावता. तोही गिटसारखाच बाहेरचा, त्यामुळे खरं ते सांगतो. काहीच छापलं नाही, तर ओळीच्या सुरुवातीला 'एक्सपोर्ट' लिहायचं राहिलंय. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको आणि नाव सगळं कॅपिटल हवं. नंतर नवं टर्मिनल उघडा.

एवढं करूनही व्हिम हटत नसेल, तर माझंच झालं होतं ते तपासा. एक अख्खी संध्याकाळ मी 'एडिटर'ची ओळ खालीवर करत बसलो होतो आणि प्रोफाइल फाइलीत मीच कधीतरी लिहिलेलं 'व्हिज्युअल' हे दुसरं व्हेरिएबल मजेत बसलं होतं! गिट आधी स्वतःचं 'गिट एडिटर' व्हेरिएबल पाहतो, मग कॉन्फिगमधला 'कोअर डॉट एडिटर', मग 'व्हिज्युअल' आणि शेवटी 'एडिटर'. यातलं काहीच नसेल तर व्हीआय, म्हणजे व्हिमचा पूर्वज. 'एडिटर' आणि 'व्हिज्युअल' ही दोन नावं टेलिटाइपच्या, म्हणजे कागदावर छापणाऱ्या टर्मिनलच्या काळातली आहेत: पहिलं ओळीओळीने चालणाऱ्या एडिटरसाठी, दुसरं पडदाभर दिसणाऱ्यासाठी. आज दोन्हींना नॅनोच द्या.

सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणारं साधन, लावून फाइल उघडता तेव्हा मात्र ही व्हेरिएबल्स बहुधा वाटेतच गळतात. तिथे 'सुडोएडिट' वापरा. तो तुमचा एडिटर तुमच्याच नावाने चालवतो.